फुगल्या तळाची अधोली

मित्रांनो, हसा, खुशाल हसा. मला सपाट जागी ठेवलं की मी डुगडुगते, हे मला ठाऊक आहे. रविवारी उपासना संपली की तुमच्यातली दोन-चार पोरं मला चर्चच्या पायरीवर ठेवून टिचकी मारतात आणि मी किती वेळ डोलते ते मोजत बसतात. मला त्याचा राग येत नाही. उलट, कुणी टिचकी मारली नाही तर तो रविवार मला सुना सुना वाटतो.

मी एक जुनी अधोली आहे. अधोली म्हणजे दोन शेर धान्य मावेल असं लोखंडी पत्र्याचं माप. दोन अधोल्या मिळून एक पायली होते. तुमच्या घरात आता किलो आणि ग्रॅम नांदतात, तेव्हा माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल तर नवल नाही. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी फसवलं असं म्हणायला नको. मी एक खोटं माप आहे. आयुष्यात मी दोनदा खोटी झाले. पहिल्या खोटेपणाची मला अजून लाज वाटते, आणि दुसऱ्याचा आनंद माझ्या पोटात मावत नाही.

माझा जन्म वाशीच्या बाजारापासून दोन कोसांवरच्या याच गावात, धोंडीबा लोहाराच्या भात्यापुढे झाला. गाव कसलं, एक्केचाळीस उंबऱ्यांची वस्ती. तेव्हा या मुलखात निजामाचं राज्य होतं आणि धोंडीबा तरणाबांड गडी होता. त्याने पत्रा वाकवला, सांधला, काठाला जाड कडी बसवली आणि मग माझ्या तळाशी दोन दिवस झटला. तळ इतका सपाट केला की माझ्यात ओतलेलं पाणी कुठल्याही बाजूला कलेना. मग तो बायकोला म्हणाला, "हिच्यात एक दाणा कमी न्हाय का एक दाणा जास्त न्हाय." हे ऐकून मी जी फुगले, ती पुढची पंचवीस वर्षं फुगलेलीच होते.

मला विकत घेतलं एका मापाड्याने. खळ्यावर रास पडली की धान्य मोजून देणारा तो मापाडी. तो गेल्यावर मी त्याच्या मुलाच्या, श्रीपतीच्या हाती आले. ही मंडळी गावाच्या उगवतीला, चर्चजवळच्या ख्रिस्ती वस्तीत राहायची. श्रीपतीचा हात फार सुरेख चालायचा. मोजायची एक रीत होती. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. एक म्हटलं की रास आटते, लाभ म्हटलं की बरकत राहते, अशी समजूत. श्रीपती गोड आवाजात म्हणायचा, लाभ, दोन, तीन, चार... माझ्या काठावर धान्याचं टोकदार शिखर उभं राहायचं. त्याला शीग म्हणतात. भांडकुदळ भाऊ वाटणीला बसले तरी म्हणायचे, "श्रीपतीची अधोली आणा, मग बोलू." अशी आमची पत होती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

त्याचं वर्णन मी करत बसणार नाही. तुमच्या आजोबांना विचारा, ते एका दमात सांगतील. खळीच उरली नाहीत, तर मापाला काय काम? गावातली धडधाकट माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. तिथे खायला सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचं गोड मिश्रण, मिळे. घरच्या चुलीसाठी मात्र दाणा नव्हता. अशा वेळी मिशनकडून लाल मिलो आली. परदेशातली ती लाल ज्वारी, भाकरी थापताना चिरा पडायच्या, पण भाकरी ती भाकरीच. दर शनिवारी दुपारी पाळकसाहेब वाशीहून पोती घेऊन येत आणि चर्चच्या ओसरीवर वाटप होई. जात पाहायची नाही, धर्म पाहायचा नाही, प्रत्येक उंबऱ्याला एक अधोली. चार दिवसांच्या भाकरी व्हायच्या. मापायला अर्थातच श्रीपती. पाळकसाहेब म्हणाले, "श्रीपती, तुझ्यावर सोपवतो." आणि मी पुन्हा ताठ मानेने ओसरीवर बसले.

पहिले दोन शनिवार नीट गेले. तिसऱ्या शनिवारच्या आदल्या सकाळी श्रीपतीने मला घरामागे नेलं. त्याच्या घरी बायको केशरबाई आणि तीन मुली. त्या दिवशी त्यांच्या घरात भाकरी होती, मित्रांनो. पण पुढच्या महिन्यात पोती आलीच नाहीत तर काय, ह्या विचाराने त्याला पोखरलं होतं. भूक माणसाला रडवते, पण भुकेची धास्ती माणसाकडून नको ते करून घेते. त्याने मला दगडावर पालथं घातलं आणि पाट्यावरच्या वरवंट्याने माझ्या तळावर दोन घाव घातले. ज्या तळासाठी धोंडीबाने दोन दिवस घालवले होते, तो दोन घावांत आत गेला. माझ्या पोटात एक उंचवटा उभा राहिला. बाहेरून मी तीच, काठ तोच, शीगही तीच. आत मात्र दोन ओंजळी जागा चोरली गेली होती.

त्यानंतर सात शनिवार मी खोटं मोजलं. श्रीपती मला पोत्यात खुपसून भरायचा आणि झटक्यात समोरच्याच्या पदरात पालथी करायचा. माझ्या तळाशी कुणाची नजर पोचत नसे. बुधवारी संध्याकाळपर्यंत पुरणारी मिलो बुधवारी सकाळीच संपू लागली. आणि गंमत बघा, गंमत कसली, जीव तुटायचा माझा, लोक मापाला दोष देत नसत. ते स्वतःच्या पोटाला दोष देत. "आवंदा भूक लई वाढली बगा," असं एकमेकांना सांगत. श्रीपतीच्या कणगीत मात्र दाणे साठत होते. केशरबाईला वाटे, ही मापाड्याची मजुरी. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. पण माप बोलत नाही, जेवढं भरेल तेवढंच सांगतं.

खोटेपणाच्या आठव्या शनिवारी पोत्याच्या तळाची मिलो जरा ओलसर होती. रांगेत शेवटी कडूबाई उभी होती. साठी ओलांडलेली विधवा, ख्रिस्ती वस्तीतलीच. लेकुरवाळ्या बायांना पुढे सोडायची आणि आपण मागे राहायची, ही तिची सवय. घरी तिची सून चांगुणा नुकतीच बाळंत झाली होती, म्हणून खरं तर तिनेच पुढे उभं राहायला हवं होतं. श्रीपतीने मला तिच्या पदरात पालथं केलं आणि उचलू लागला.

"थांब रं, चार दाणं चिकटलं की आत," असं म्हणत कडूबाईने माझ्या पोटात हात घातला.

तिची बोटं तळाला गेली आणि थांबली. जिने जन्मभर दुसऱ्यांची धान्यं पाखडली, निवडली, तिच्या बोटांना सांगावं लागत नाही. तिने हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"श्रीपती," ती म्हणाली, "हिच्या पोटात काय हाय रं?"

श्रीपती मला तिच्या हातातून ओढू लागला. तोवर बलभीम पुढे आला. हा वरच्या आळीतला तरणा शेतकरी, त्याची आई अंथरुणाला खिळलेली. त्याने मला हिसकावून उन्हात धरलं, आत डोकावला, आणि मग त्याचा जो आवाज फुटला तो ओसरीच्या पत्र्यावर आदळला.

"पोचा हाय! मुद्दाम ठोकलेला पोचा हाय! सगळ्या गावाच्या तोंडचं काढलं ह्यानं!"

एका क्षणात ओसरी पेटली. कुणी श्रीपतीची गचांडी धरली, कुणी शिव्या घातल्या, बाया रडायला लागल्या. पाळकसाहेब मध्ये पडले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "किती शनिवार, श्रीपती?"

"सात," तो खाली बघून म्हणाला. "सात शनिवार. कणगीत हाय समदं. घरात कुणालाबी ठावं न्हाय."

मला वाटलं, मेले आता. मला दगडावर आपटून चेचणार, आणि ते योग्यच होतं. खोट्या मापाला दुसरी काय शिक्षा? पण त्याहून जास्त मला श्रीपतीची काळजी वाटली. गावाने त्याचा उंबरा ह्या वाटपातून काढला असता तर त्या पाच जणांनी खायचं काय? आणि गावाला नाही तरी का म्हणावं?

तेवढ्यात केशरबाई आली. तिने ऐकलं होतं. तिने आणि मुलींनी कणगी रिती करून पोतं ओढत आणलं आणि ओसरीवर सोडलं. डोक्यावरचा पदर तिने तोंडावर ओढून घेतला होता.

आता ते पोतं वाटायचं होतं. पण माप तर एकच, आणि ते असं. गर्दीतून धोंडीबा पुढे झाला. त्याचे केस पांढरे झाले होते. त्याने मला हातात घेतलं, आत बघितलं, आणि मित्रांनो, आपल्या लेकरावरून फिरवावा तसा हात माझ्यावरून फिरवला.

"सपाट केलती म्या हिला," तो म्हणाला. "आणा हातोडी."

"हातोडी कशाला?" कडूबाई म्हणाली. "केशर, वरवंटा आण तुझ्या घरचा. ज्यानं आत घातलं त्यानंच बाहेर काढू दे."

वरवंटा आला. श्रीपतीने मला मांडीत धरलं. डोळ्यांतून धारा लागलेल्या, समोरचं धड दिसत नव्हतं. त्याने वरवंटा माझ्या पोटात घातला आणि सगळा जीव एकवटून घाव घातला. सात शनिवारांचं जे काही त्याच्या आत साचलं होतं, ते त्या एका घावात आलं. तळ आतून बाहेर गेला, पण सपाट होऊन थांबला नाही. तो पार पलीकडे फुगला! श्रीपतीने मला फरशीवर ठेवलं तर मी डुगडुग डुगडुग डोलायला लागले.

मग चांगुणेची सासू, तीच आपली कडूबाई, खुदकन हसली. तिच्या मागून एक बाई हसली, मग दुसरी. त्या वर्षात गाव पहिल्यांदा असं खळखळून हसलं.

धोंडीबा मात्र कळवळला. "अगं, आता जास्त मावंल हिच्यात! दे इकडं, नीट करतो."

"ऱ्हाऊ द्या तात्या," कडूबाई म्हणाली. "सात शनिवार आत व्हती, आता ऱ्हाऊ द्या बाहेर."

तिने मला उचललं आणि तीच मापायला बसली. आधी स्वतःच्या पदरातली मिलो पोत्यात ओतली, म्हणजे मापायला हात मोकळे. लाभ, दोन, तीन... प्रत्येक उंबऱ्याला एक अधोली, फुगल्या तळाची, वर शीग लावून. चाळीस उंबरे झाले. चाळिसावा तिचा स्वतःचा. पोत्यात अजून दाणे होते. उरला एक उंबरा.

श्रीपती भिंतीशी बसला होता. तो पुढे आला नाही.

"त्याला द्यायचं आसंल," बलभीम म्हणाला, "तर त्याच्यापुरता पोचा परत आत घाला. त्याचं माप त्याला."

मला तोंड असतं तर मीही हो म्हटलं असतं. बलभीम खोटं काय बोलला? न्याय तोच होता. आजूबाजूच्या माना हलल्या. पाळकसाहेबांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण कडूबाई तोवर बोलून गेली.

"बलभीम, लेकरा, तू म्हंतोस ते खरं हाय. पर माज्याकडं माप एकच हाय बाबा. माझ्या आईला चौथी पोरगी झाली तवा कुणी तोंड बगंना. कडू म्हणून नाव ठिवलं, का जगू नये म्हणून. मिशनच्या बाईनं उचललं, हिच्यात काय गुण हाय का म्हणून इचारलं न्हाय. येशूनं तर न्हाईच इचारलं. लायकी बगून त्यो माप भरत आसता, तर माझ्या पदरात काय पडलं आसतं? तुझ्या तरी काय पडलं आसतं?"

बलभीमचा राग गेला नव्हता, पण तो वाटेतून बाजूला झाला.

कडूबाईने मला पोत्यात बुडवलं, भरलं, हलवलं, वरून दाबलं, आणखी घातलं. शीग अशी उभी केली की दाणे काठावरून घरंगळायला लागले. मग श्रीपतीसमोर जाऊन उभी राहिली.

"न्हाय मावशी," श्रीपती म्हणाला. "म्या न्हाय घ्यायचा. माझी लायकी न्हाय."

"लायकी कोण इचारतंय तुला? पटका सोड."

"मावशी, नगं."

"आरं, चोरायला हात पुढं आला, आन् घ्यायला येईना व्हय? सोड पटका, हात भरून आलं माझं."

श्रीपतीने डोक्याचा पटका सोडला आणि दोन्ही हातांनी पसरला. हा एक्केचाळिसावा उंबरा. सगळे कान देऊन उभे. कडूबाईने मला पालथं केलं, आणि एक्केचाळीस म्हणायच्या जागी ती म्हणाली,

"लाभ."

मित्रांनो, ते ऐकून श्रीपती लहान लेकरासारखा रडला. मोजणी जणू त्याच्यापासून पुन्हा सुरू झाली होती. शिगेचे दाणे खाली सांडले होते. बलभीम वाकला, त्याने ते एकेक करून वेचले आणि श्रीपतीच्या पटक्यात टाकले. "राग हाय आजून," तो म्हणाला, "पर दाणं पायदळी नगं."

पाळकसाहेबांनी डोळे पुसले. "उद्याचा उपदेश आजच झाला," ते म्हणाले. "आता उद्या मी काय सांगू?"

पण सगळ्यात मोठं नवल पुढच्या शनिवारी घडलं. कडूबाईने मला घेतलं आणि सरळ श्रीपतीच्या हातात ठेवलं. "मापाडी तू हाईस का म्या?" असं वर विचारलं. लोक कुरकुरले. श्रीपतीने मला दोन्ही हातांत धरलं. मी त्याचा हात ओळखते, तो हात त्या दिवशी बदलला होता. तिथून पुढे तो पहिल्यांदा मला उन्हात धरायचा, आतून-बाहेरून सगळ्यांना दाखवायचा, आणि मगच भरायचा. गावाने विश्वास ठेवायला पाऊस पडेपर्यंत वेळ घेतला, पण ठेवला.

पाऊसपाणी झालं, सुगी आली, गावात सोसायटी निघाली. दुधाचे कॅन आले, लोखंडी वजनांचे काटे आले. एकदा वजनं-मापं तपासणारे साहेब आले. चर्चच्या ओसरीवर त्यांना मी दिसले. त्यांनी मला फरशीवर ठेवलं, मी डुगडुगले.

"हे माप खोटं आहे!" साहेब कडाडले.

"व्हय साहेब, खोटंच हाय," श्रीपती शांतपणे म्हणाला. "पर कुणाच्या बाजूनं खोटं हाय, तेवढं बगा."

साहेबांनी दोन शेर मोजून माझ्यात ओतले. काठापर्यंत धान्य पोचेना. त्यांनी पुन्हा ओतून पाहिलं. मग ते टोपी काढून डोकं खाजवायला लागले. म्हणाले, "ह्याने विकलं तर तुमचंच नुकसान."

"विकत न्हाय साहेब. हिच्यानं आमी निस्तं देतो."

साहेब हसत हसत गेले. मला जप्त केलं नाही, आणि चहाही दोन कप प्यायले.

तेव्हापासून मी फक्त सुगीच्या सणाला कामाला येते. नव्या पिकातलं धान्य चर्चमध्ये आणायचं, उपकार मानायचे, आणि मग गावातल्या ज्याला हवं त्याला द्यायचं. कडूबाई असेपर्यंत तिथे एक रीत होती आणि ती गेल्यावर श्रीपतीने ती मोडली नाही. जो सगळ्यात शेवटी येईल, त्याच्या मापाला लाभ म्हणायचं.

दिवस असेच सुखात गेले असते, पण मध्येच माझ्या नशिबी अडगळ आली. शहाऐंशी साली चर्चला रंग द्यायचं ठरलं. गावात नव्याने आलेल्या मंडळींनी कपाटं झाडली. गंजलेलं, तळ फुगलेलं, डुगडुगणारं माप पाहून कुणीतरी मला भंगाराच्या हातगाडीवर टाकलं. चूक कुणाची म्हणू? माझी कहाणी त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. मी मोडक्या बादल्यांखाली पडून सुगीच्या सणाची घंटा ऐकत होते. गाडी वेशीपर्यंत गेली.

बादल्यांमधून डोकावणारी माझी कडी दिसली म्हणून वेशीत एका माणसाने गाडी थांबवली. सोसायटीचा चेअरमन, कानशिलाचे केस पिकलेले. तो बादल्यांखाली हात घालून माझ्या तळाशी चाचपत होता. बोटं फुगवट्यावर आली आणि तो ओरडला, "अरे, ही आमची हाय!" तो बलभीम होता.

तो ना ख्रिस्ती, ना चर्चचा सभासद. पण मला काखोटीला मारून तो तडक चर्चमध्ये आला. वाटप संपत आलं होतं. म्हातारा श्रीपती एका प्लास्टिकच्या डब्याने धान्य देत होता आणि वारंवार कोपऱ्यात बघत होता. मला पाहिल्यावर त्याने तो डबा बाजूला ठेवला आणि मला छातीशी धरलं. मग मला भरलं, दाबलं, हलवलं, शीग लावली.

"पसरा टॉवेल, बलभीमराव."

"मला कशाला? माझ्या घरात पोत्यानं हाय. आन् त्या दिवशी म्या काय बोललो व्हतो, इसरलास का? पोचा आत घाला म्हणालो व्हतो."

"इसरंन कसा?" श्रीपती म्हणाला. "बरोबरच बोलला व्हता तुमी. म्हणून तर ते दाणं इतकं गोड लागलं. पसरा, शेवटी आलाय तुमी."

चेअरमनसाहेबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून पसरला. गावाचा एवढा मोठा माणूस, पण मान खाली घालून उभा राहिला. श्रीपतीने मला पालथं केलं. सांडलेले दाणे दोघांनी मिळून वेचले.

तर मित्रांनो, मला खिडकीत ठेवा, पायरीवर ठेवा, टिचक्या मारा, फिरवा. गंज चढला तर तेलाचा हात लावा. तुमच्या घरातली जुनी भांडी भंगारात टाकण्याआधी एकदा त्यांच्या पोटात हात घालून बघा, काय हाताला लागेल सांगता येत नाही. एकच विनंती. कधी एखादा हौशी लोहार म्हणाला, आणा, तळ सपाट करून देतो, तर त्याला करू देऊ नका. आणि सुगीच्या सणाला दारात कुणी मान खाली घालून उभा असेल, आपण घ्यायच्या लायकीचे नाही म्हणून आत येत नसेल, तर मला चांगली शीग लावून भरा आणि त्याच्यापाशी घेऊन जा. मोजणी कुठून सुरू करायची, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.